आडनांव कागदांत केव्हां आलें? नगर प्रांतांतील कांहीं दाखले

जुन्या कागदांच्या संग्राहकांस एक मोह नेहमीं पडतो. रुमाल सोडला, महजर उलगडला, आणि त्यांत आपल्या अथवा आपल्या स्नेह्याच्या आडनांवासारखा एखादा शब्द दिसला कीं, तो पुरुष लागलीच त्या घराण्याचा पूर्वज ठरतो व वंशावळींत जाऊन बसतो. मग त्याच्या पुढील दोन पिढ्या अंदाजानें भरल्या जातात. अशा वंशावळी आम्हांपुढें आल्या म्हणजे आम्ही प्रथम एवढेंच विचारतों कीं, कागदांतील हा शब्द आडनांव आहे, हुद्दा आहे, गांव आहे, कीं बापाचें नांव आहे? बहुतेक वेळां या प्रश्नाचा विचारच झालेला नसतो. सबब या विषयाची चर्चा अहमदनगर जिल्ह्याच्या आधारें करण्याचें आम्हीं योजिलें आहे. या जिल्ह्याचें सरकारी नांव २०२४ सालीं अहिल्यानगर झालें. परंतु आमचा व्यवहार जुन्या कागदांशीं असल्यामुळें पुढें आम्ही जुनें नांवच वापरूं.

आमचें मत थोडक्यांत असें आहे. या प्रांतांत आडनांव सर्वांस एकाच काळीं व एकाच कारणानें आलेलें नाहीं. सरदारांचीं आडनांवें लौकर स्थिरावलीं. वतनदारांचीं वतनाच्या आश्रयानें टिकलीं. आणि बहुसंख्य रयतेच्या तोंडीं असलेल्या कुळनांवास कागदांत कायमची जागा इंग्रजी अमलांत मिळाली. हा क्रम ध्यानांत न घेतां केलेली वंशावळ वाळूवर उभी आहे असें समजावें.

अगदीं जुना दाखला नेवाशाचा. शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मध्यें, ज्ञानेश्वरी येथें सिद्ध झाली. ग्रंथाच्या शेवटीं स्थळकाळाचा निर्देश आहे, यादव राजा रामचंद्राचें नांव आहे, लेखक सच्चिदानंदबाबांचें आहे, स्वतः ज्ञानदेवांचें तर आहेच. आडनांव मात्र एकाचेंहि नाहीं. गुरुपरंपरा सांगितली कीं ओळख पुरी झाली. ज्ञानदेवांच्या घराण्यास आपण आज आपेगांवचे कुलकर्णी म्हणतों, तेंहि वृत्तीचें नांव आहे.

यानंतरचा मोठा दाखला खुद्द निजामशाहीचा. तो संग्राहकांनीं बारकाईनें पाहावा असा आहे, कारण आडनांव कसें जन्मतें हें इतकें स्पष्टपणें सांगणारी हकीकत आपल्याकडे विरळा. फिरिश्त्याचें बालपण व तरुणपण नगरच्या दरबारीं गेलें. १५८९ मध्यें तो विजापुरास गेला व तेथें त्यानें आपला इतिहास लिहिला. तो सांगतो कीं, निजामशाहीच्या संस्थापकाचा बाप मलिक हसन हा मूळचा ब्राह्मण. त्याचें नांव तिमाप्पा, बापाचें भैरव ऊर्फ भैरू. अहमदशहा बहामनीच्या वेळीं विजयानगरच्या स्वारींत हा मुलगा पकडला गेला, मुसलमान झाला व राजपुत्राबरोबर वाढला. त्यास बापाच्या नांवावरून मलिक हसन भैरू म्हणत. राजपुत्रास ‘भैरू’ हा उच्चार साधेना; तो ‘बहरी’ म्हणूं लागला, आणि तेंच नांव पडलें. पुढें घराण्यासहि तेंच चिकटलें.

या व्युत्पत्तीस एक प्रतिस्पर्धी आहे. ‘बहरी’ हा फारशींत शिकारी ससाण्याचा वाचक शब्द. आपणहि बहिरी ससाणा म्हणतोंच. त्यावरून मलिक हसनाचा शिकारी पक्ष्यांशीं संबंध जोडणारी उपपत्ति निघाली. आम्हांस पहिलीच सरळ वाटते. राजघराण्यास ससाण्याचें नांव शोभून दिसतें, भैरूचें दिसत नाहीं. तेव्हां शोभिवंत अर्थ मागाहून चिकटविला गेला असावा असा संशय घेण्यास जागा आहे. आडनांवांच्या बाबतींत हें पुनःपुन्हां घडतें. पडतें तें साधें नांव असतें, आणि त्याची कहाणी नातू रचतो.

दरबारानें तर याहूनहि मोठी कहाणी रचिली. दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहाच्या आश्रयानें सय्यद अली तबातबा यानें ‘बुऱ्हाने मआसिर’ लिहिला. त्यांत संस्थापक मलिक अहमद हा बहामनी सुलतानाचाच पुत्र ठरविला आहे. एकाच घराण्याचीं हीं दोन मुळें, दोन्ही नगरच्या दरबाराशीं जवळून परिचित अशा लेखकांनीं दिलेलीं. ज्यांत दरबारास कांहीं लाभ नव्हता ती हकीकत आम्ही अधिक विश्वसनीय मानतों.

शिवाय तिला पाथरीच्या प्रकरणाचा आधार आहे. मलिक अहमद १४९० मध्यें स्वतंत्र झाला, १४९४ मध्यें त्यानें नगर शहर वसविलें. त्याचा पुत्र पहिला बुऱ्हाण याच्या कारकीर्दींत असें निघालें कीं, घराण्याचे पूर्वज गोदावरीकांठच्या पाथरीचे वंशपरंपरा कुलकर्णी. पाथरी वऱ्हाडच्या इमादशाहींत होती. ती द्यावी, मोबदला दुसरा परगणा घ्यावा, असें नगरचें बोलणें होतें. अलाउद्दीन इमादशहानें तें मानिलें नाहीं. तेव्हां १५१८ मध्यें बुऱ्हाणानें पाथरी जिंकली. ती परत गेली, व १५२७ मध्यें पुन्हां घेतली. तेथील ब्राह्मण भाऊबंदांस त्यानें तें गांव दिलें. नगरचा सुलतान, दोन पिढ्यांचा मुसलमान, कुलकर्ण्याच्या वतनासाठीं दुसऱ्या सुलतानाशीं लढतो, हें दृश्य वाचून आजचा वाचक हंसेल. वतनाचे कागद हाताळणारा हंसणार नाहीं. राज्य मिळालें म्हणून मूळ वृत्ति सोडावी असें त्या काळीं कोणासहि वाटत नसे. महादजी शिंद्यांस पाटीलबावा म्हणत तें याच भावनेनें.

पोर्तुगीजांनीं या घराण्याचें तिसरेंच नांव केलें. ‘निजामउल्मुल्क’ ही मलिक हसनाची पदवी; तिचें त्यांच्या कागदांत ‘निझामलुको’ झालें, आणि जणूं तें घराण्याचें आडनांवच असें ते लिहीत. बुऱ्हाणाच्या दरबारीं वैद्य म्हणून जाणारा गार्सिया द ओर्ता यानें १५६३ मध्यें गोव्यास छापलेल्या आपल्या ग्रंथांत दक्षिणेंतील या नांवांचा खुलासा केला आहे; यावरून त्याच्या देशबांधवांत केवढा घोटाळा होता हें दिसतें. बापाच्या नांवावरून बहरी, पदवीवरून निजामशहा, वतनावरून पाथरीचे कुलकर्णी: आडनांवाचे तीन प्रकार एकाच घरांत सांपडले. आमच्या प्रांतांतील पुढील सर्व प्रकरण याच तिघांत, व चौथ्या गांवाच्या नांवांत, सामावतें.

हा प्रकार आपल्याच देशाचा आहे असें नव्हे. वलंदेजांचें उदाहरण घ्या. १६३७ मध्यें वेंगुर्ल्यास वखार घालणाऱ्या या लोकांचीं नांवें आपल्या जुन्या नांवांसारखींच रचलेलीं असत. त्यांचा प्रख्यात चित्रकार रेम्ब्रांट, जन्म १६०६, याचें पुरें नांव रेम्ब्रांट हार्मेन्सझोन फान राइन. त्यांतील रेम्ब्रांट हें स्वतःचें. हार्मेन्सझोन म्हणजे हार्मेनचा मुलगा. फान राइन म्हणजे ऱ्हाइन नदीकडचा, कारण लायडन येथें त्या नदीच्या कांठीं बापाची गिरणी होती. आमच्या मोडी कागदांतील ‘अमका बिन तमका, वस्ती मौजे फलाणें’ हें याहून निराळें तें काय? पुष्कळ वलंदेज घराण्यांस, विशेषतः शहरांत व दक्षिण भागांत, आडनांव पूर्वींच होतें. परंतु उत्तरेकडील फ्रीसलंड, ग्रोनिंगेन, ड्रेंथ या प्रांतांत शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या बापाच्या नांवावरच चालत. बापाचें नांव पिढीगणिक बदलतें, तेव्हां आजोबा आणि नातू यांच्या नांवांत समान शब्द उरेना.

१८१० मध्यें नेपोलियननें तो देश फ्रेंच राज्यास जोडला, आणि १८ ऑगस्ट १८११ रोजीं फर्मान काढिलें कीं, ज्यांस आडनांव नाहीं त्यांनीं तें घ्यावें व सरकारी बुकांत नोंदवावें. कुटुंबाच्या वडील पुरुषानें कचेरींत जाऊन नांव सांगावयाचें, खालीं मुलांनातवंडांचीं नांवें लिहावयाचीं. हीं ‘नांवस्वीकाराचीं’ बुकें आज तेथील संशोधकांस सोन्यासारखीं आहेत. मुदत वाढवावी लागली, आणि पुढें १८२५ मध्यें राजा विल्यम यास पुन्हां हुकूम काढावा लागला. म्हणजे लोकांनीं फारशी घाई केली नाहीं हें उघड आहे. बाप हयात नसला तर सख्खे भाऊ निरनिराळीं आडनांवें घेत, अशींहि उदाहरणें घडलीं. या फर्मानाची टवाळी म्हणून लोकांनीं ‘नागडा जन्मलेला’ अशा अर्थाचीं हास्यास्पद नांवें घेतलीं, अशी कथा तेथें घरोघर सांगतात. परंतु त्या अर्थाचें प्रसिद्ध आडनांव १८११ पूर्वींच्या कागदांतहि आढळतें. तेव्हां ती कथा आमच्या ससाण्याच्या जातीची म्हणावी लागते.

आपल्याकडे असें फर्मान कधीं निघालें नाहीं. तारीख नाहीं, बुक नाहीं; सबब आपणांस एकेका कागदावरून अनुमान करावें लागतें, आणि तेथेंच चूक होते.

निवाड्याचा किंवा खरेदीचा महजर पाहिला तर त्यांत उभा राहिलेला मनुष्य पुढीलप्रमाणें ओळखला जातो: प्रथम त्याचें नांव, मग ‘बिन’ किंवा ‘वलद’ व बापाचें नांव, मग हुद्दा, मग मौजे व परगणा. ब्राह्मणाच्या बाबतींत ‘बिन’ गळतो व बापाचें नांव नुसतें जोडलें जातें. सही करतां येत नसेल तर निशाणी: कुणब्याचा नांगर, बायकांचें कांकण, सुताराचें त्याच्या कामाचें हत्यार. येवढ्यानें गांवांत कोणासहि शंका राहत नसे. ज्या कागदास गोतसभेच्या पंचवीस माणसांची साक्ष आहे, जीं सर्व एकमेकांस जन्मापासून ओळखतात, त्यास आडनांवाची गरज काय? आडनांव परक्यासाठीं असतें. हें एक सूत्र ध्यानांत ठेवलें म्हणजे पुष्कळ गांठी सुटतात.

गांवाच्या नांवापुढें ‘कर’ लागून झालेलीं आडनांवें हा या सूत्राचा उत्तम पुरावा. नेवाशांत राहणारास नेवासकर कोण म्हणेल? तो पुण्यास किंवा पैठणास गेला म्हणजे नेवासकर होतो. नगरकर, संगमनेरकर, पारनेरकर, राहुरीकर, जामखेडकर हीं सर्व नांवें गांव सोडल्याचीं चिन्हें आहेत. म्हणून राहुरीकरांचा शोध घेणारानें राहुरीच्या दप्तरांत ‘राहुरीकर’ शोधीत बसूं नये. तेथें त्याचे पूर्वज दुसऱ्याच नांवानें, बहुधा वृत्तीच्या किंवा उपनामाच्या, सांपडतील. मोठ्या घराण्यांतहि हेंच झालें. फलटणचे निंबाळकर मूळचे पवार. निंबळक गांवावरून त्यांस नवें नांव पडलें. होळकरांस नीरेकांठच्या होळ गांवानें नांव दिलें, व त्या घराची कीर्तिमान सून अहिल्याबाई ही आमच्याच जिल्ह्यांतील चौंडीच्या माणकोजी शिंदे पाटलांची कन्या.

येथें नगर जिल्ह्याच्या अभ्यासकांस एक सापळा आहे. बेलापूर आमच्या प्रवरेकांठीं आहे, तसें मुंबईशेजारींहि आहे. कर्जत आमच्या दक्षिण भागांत आहे, तसें कोंकणांत रायगड जिल्ह्यांतहि आहे. आमचें अकोलें व वऱ्हाडचें अकोला यांपासून होणारें नांव एकच, अकोलकर. टाकळी, वडगांव, पिंपळगांव यांची तर गणतीच नको. ‘बेलापूरकर’ येवढ्याच शब्दावरून कागदाचें स्थळ ठरविणें म्हणजे नाणें न पाहतां आवाजावरून टांकसाळ सांगण्यासारखें आहे. परगण्याचें नांव, किंवा तें नसल्यास आजूबाजूच्या गांवांचीं नांवें, पाहिल्याखेरीज निर्णय देऊं नये.

हुद्द्याचीं आडनांवें याहून फसवीं. ‘फडणीस’ म्हटलें कीं आपणांस नाना आठवतात. १७९७ च्या शेवटच्या दिवशीं दौलतराव शिंद्यांच्या बाजूनें त्यांस धरलें, आणि पुढील कित्येक महिने ते नगरच्या किल्ल्यांत अटकेंत होते. या पुरुषाचें घराणें वेळासचें, उपनांव भानु. फडणिशी ही पेशव्यांची चाकरी. खुद्द पेशव्यांचें उपनांव भट, पण शिक्क्यावर येतें तें प्रधान. म्हणजे राज्यांतील पहिल्या दोन घराण्यांचीं उपनांवें त्यांच्या नित्याच्या कागदांत जवळजवळ दिसतच नाहींत. मग एखाद्या पोटगांवच्या कुलकर्ण्याचें उपनांव त्याच्या प्रत्येक ताळेबंदावर असावें अशी अपेक्षा आपण कां धरावी?

‘पाटील’, ‘कुलकर्णी’, ‘देशमुख’, ‘देशपांडे’ हीं पदें वांटलीं जात, गहाण पडत, विकलीं जात. निमे पाटीलकी एका घराची व निमी दुसऱ्याची, कित्येकदां दुसऱ्या कुळाची, हा प्रकार सर्वत्र होता. त्यामुळें एकाच गांवीं शंभर वर्षांच्या अंतरानें भेटणारे दोन ‘पाटील’ एका रक्ताचे असतीलच असें नाहीं. उलट वतन थोरल्या घरीं राहिलें, धाकटा भाऊ मुलूख सोडून गेला व जुन्या उपनांवानें किंवा गांवाच्या नांवानें राहूं लागला, तर सख्ख्या भावांच्या वंशांत दोन आडनांवें होतात, अगदीं त्या वलंदेज भावांप्रमाणें. शिंदे, पवार, जाधव, गायकवाड हीं नांवें अनेक जातींत आहेत, हें तर सांगावयासच नको. आडनांव जुळलें म्हणून कुळ जुळत नाहीं, व आडनांव जुळलें नाहीं म्हणून तें तुटतहि नाहीं.

हें चित्र बदललें तें कंपनी सरकारच्या कारभारानें. १८१८ मध्यें पेशवाई गेली, नगर हें कलेक्टरीचें ठाणें झालें. आतां कागद वाचणारा गोतांतला राहिला नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जमिनीची मोजणी झाली व प्रत्येक सर्व्हे नंबरापुढें खातेदाराचें नांव चढलें. १८५२ च्या इनाम कमिशनापुढें इनामदारांस वंशपरंपरा सिद्ध करावी लागली. कित्येक घराण्यांची पहिली सलग वंशावळ या प्रसंगानेंच कागदावर उतरली. (हा हेतु ध्यानांत घेऊनच ती वाचावी.) १८७४ चा वतन कायदा झाला. १८७५ मध्यें पुणें व नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनीं सावकारांचीं दप्तरें फोडून खतें जाळलीं. आमच्याकडे श्रीगोंदें व पारनेर हे तालुके त्यांत होते. त्या दंग्यानंतर १८७९ चा दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा आला, व शेतकऱ्याचें खत गांवच्या रजिस्ट्रारापुढें लिहिलें जाऊं लागलें. खत कोणाचें हें कोर्टांत सिद्ध व्हावयाचें, तेव्हां ‘राणोजी वलद संताजी’ येवढ्यानें कसें भागावें? एका गांवांत असे तीन निघतील. कुळनांव तोंडीं होतेंच; तें आतां तिसऱ्या घरांत लिहिलें जाऊं लागलें. शाळेच्या पटावर गुरुजींनीं तेंच केलें. स्वतःचें नांव, बापाचें नांव, आडनांव, ही त्रिपदी जी आज आपणांस अनादि वाटते, ती सामान्य रयतेच्या कागदांत येवढ्याच वयाची आहे.

लिहिणारा कोण यावर आडनांव किती अवलंबून असतें याचें एक उदाहरण जातां जातां देतों. वसईकडे पोर्तुगीज पाद्र्यांच्या बुकांत बाप्तिस्मा झालेल्यांस परेरा, डिसोझा अशीं नांवें मिळालीं. नगरास १८३१ मध्यें अमेरिकन मिशन आलें. तेथील ख्रिस्ती मंडळींचीं आडनांवें मराठीच राहिलीं. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे १८९५ नंतरहि टिळकच. पुढील शतकांतील संशोधक केवळ आडनांवावरून गणती करूं लागला तर त्यास एका ठिकाणीं पोर्तुगालचे वंशज दिसतील व दुसऱ्या ठिकाणीं ख्रिस्ती कोणीच दिसणार नाहीं!

हा सर्व विचार केवळ हौसेचा राहिलेला नाहीं. २०२३ सालीं निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली गेली, आणि कुणबी नोंदींसाठीं जिल्ह्याजिल्ह्यांतील जुनीं दप्तरें उघडलीं. गांव नमुना १४, ज्यास कोतवाल बुक म्हणतात, त्यांतील जन्ममृत्यूच्या मोडी नोंदी वाचणारांस एकाएकीं मागणी आली. या नोंदींचा प्रकार आमच्या वाचकांस परिचित आहे: नांव, बापाचें नांव, जात, तारीख, आडनांव पुष्कळ ठिकाणीं नाहींच. एखाद्या मुलाचें शिक्षण किंवा नोकरी त्या ओळीवर अवलंबून असतां, ती ओळ त्याच्याच खापरपणजोबाची हें ठरवावयाचें कसें? आम्हांस मार्ग एकच दिसतो. त्या गांवचीं मोजणीचीं कागदपत्रें घ्यावीं, जमिनीचा नंबर धरावा, तो वारसानें कोणाकडून कोणाकडे गेला हें फेरफारांवरून खालीं आणावें, आणि बापलेकांच्या नांवांची सांखळी दोन्ही बाजूंनीं जुळवावी. माणसाचें नांव बदलतें, शेताची हद्द सहसा बदलत नाहीं. काम वेळेचें आहे. पण आडनांवावरून उडी मारणारा जो निकाल देतो तो अर्जदाराच्या बाजूचा असो वा विरुद्ध, टिकाऊ नव्हे.

यांतून संग्राहकांवर एक जबाबदारी येते. मोडी कागदाची बाळबोध नक्कल करतांना वाचकाच्या सोयीसाठीं आडनांव घालण्याची चाल पडली आहे. ‘संताजी बिन राणोजी मोकदम’ याचें ‘संताजी राणोजी पाटील’ केलें जातें, आणि कधीं मालकाच्या आग्रहावरून त्यापुढें त्याचें आजचें आडनांवहि येतें. मूळ कागद पुढें वाळवीस गेला तर ही नक्कलच पुरावा होऊन बसते. नक्कल करणारानें ‘बिन’ तेथें ‘बिन’, ‘वलद’ तेथें ‘वलद’ ठेवावें, हुद्दा हुद्द्याच्या जागीं ठेवावा, निशाणीची आकृति काढून दाखवावी, व आपलें अनुमान असेल तें खालीं निराळें लिहून त्याखालीं सही करावी. त्याचप्रमाणें रुमाल फोडूं नयेत. एका आडनांवाचे कागद वेगळे काढून विकण्याची रीत अलीकडे पसरली आहे. तशानें ज्या शेजारच्या कागदांवरून त्या नांवाचा अर्थ लागावयाचा तेच निघून जातात. ज्यांच्याजवळ नेवासें, शेवगांव, पाथर्डी या बाजूचे रुमाल मूळच्या बांधणींत असतील त्यांनीं निदान त्यांची यादी, कागदांच्या आहे त्याच क्रमानें, करून ठेवावी.